चार चाळीसची मुलाखत

फोन वाजला की जनेल उठून बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. विद्यापीठाने नवरा-बायको विद्यार्थ्यांना दिलेल्या त्या घरांच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की नळ सोडूनही लोवेलला सगळं ऐकू यायचं. "हो, हो, नक्की. मलाही फार आवडलं बोलायला. पुढच्या गुरुवारी जमेल." मग नळ बंद व्हायचा, ती बाहेर यायची आणि ताटातलं गार झालेलं कणीस पुन्हा हातात घ्यायची.

"कोण होतं?"

"ते मिनियापोलिसवाले."

"बोलावलं?"

"हं. बघू." तिने मिठाची डबी त्याच्याकडे सरकवली. "तू खाल्लंच नाहीस काही."

मुलाखतींचा आठवडा सोमवारी सुरू झाला होता. आज मंगळवार, आणि जनेलला वकिलांच्या तीन फर्मकडून दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलेलं. लोवेलचा फोन टेबलावर उताणा पडला होता. दिवसभरात त्याच्यावर आईचा एक मेसेज तेवढा आला होता, आणि त्यात टोमॅटोचा फोटो होता.

वकील व्हायचं खूळ मुळात लोवेलचं. आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका लहान गावातल्या शाळेत तो इतिहास शिकवायचा आणि थंडीत पोरांना बास्केटबॉल खेळवायचा. ते आयुष्य काही वाईट नव्हतं. पण एका वसंतात त्याच्या वडिलांचं शेजारच्या व्हान रूकेलांशी पाण्यावरून वाजलं. तिकडे शेताच्या पोटातून नळ्या घातलेल्या असतात, जमिनीतलं जादा पाणी निघून जावं म्हणून. व्हान रूकेलांनी आपल्या नळ्या बदलल्या आणि सगळं पाणी डायक्स्ट्रांच्या, म्हणजे लोवेलच्या घरच्या, मक्यात येऊन साचलं. दोन्ही घरं एकाच चर्चची. पुढची दोन वर्षं ती मधली रांग रिकामी सोडून बसायची. शेवटी राजधानीतून, डी मॉइनहून, एक वकील आला, रबरी बूट घालून दोघा म्हाताऱ्यांना बांधाबांधाने चालवलं, आणि दिवस मावळायच्या आत मिटवून गेला. लोवेल त्यांच्या मागून चालत होता. आपल्याला हे जमेल, असं त्याला तेव्हा वाटलं.

जनेल त्याच शाळेत गणित शिकवायची. "तू एकटा तिकडे जाऊन काय करशील?" ती म्हणाली होती. "मीही देऊन बघते परीक्षा." कायद्याचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा ती वर्गात तिसरी होती. लोवेल खालच्या अर्ध्यात होता, आणि त्या अर्ध्यातही बराच खाली.

मोठ्या फर्मचं सगळं त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरतं. दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टच्या उकाड्यात, त्यांची माणसं विद्यापीठाजवळच्या हॉटेलात उतरतात आणि वीस-वीस मिनिटं एकेका विद्यार्थ्याशी बोलतात. ज्याला निवडलं त्याने पुढचा उन्हाळा तिथे काम करायचं, आणि उन्हाळा नीट गेला की नोकरी पक्की. कुणी कुणाला भेटायचं ते जुलैत ठरतं. प्रत्येकाने आपल्याला हव्या त्या तीस फर्म पसंतीच्या क्रमाने लावून द्यायच्या. याला बोली लावणं म्हणत, पण पैसा कुणीच लावत नसे, लावायचा तो नुसता क्रम. मग कंप्यूटर वेळा वाटून टाकी. वाटताना गुण बघत नसत, त्यामुळे लोवेलसारख्यांनाही वीस मिनिटं दार उघडं मिळे. दाराच्या आत गेल्यावर काय ते कळायचं.

दोघांनी जुलैत याच टेबलाशी बसून बोली लावल्या होत्या. ठरलं होतं की दोघांनीही डी मॉइन धरायचं, म्हणजे एका घरात राहता येईल. लोवेलच्या मनात पहिली होती ग्रोनवाल्ड अँड पाइक. शेतजमिनी, पाणी, सहकारी संस्था, असली कामं करणारी लहानशी फर्म. रबरी बूटवाला वकील त्यांचाच होता. पण प्लेसमेंटच्या मिसेस हॅवरकॅम्प म्हणाल्या, "वरची बोली वाया घालवू नका हो. ग्रोनवाल्डला कोण विचारतंय? नवव्या नंबरवर टाका, तरी मिळेल." त्याने टाकली. बाईंनी हेच बहुधा सगळ्यांना सांगितलं असावं. त्यांच्या मुलाखतीच्या बाराच वेळा होत्या, त्या भरल्या आणि लोवेल प्रतीक्षायादीत गेला. यादीत पहिला.

"तुला मिळाली?" त्याने जनेलला विचारलं होतं.

"ग्रोनवाल्ड? नाही."

मिसेस हॅवरकॅम्पनी त्याची समजूत घातली होती. "कुणी ना कुणी सोडतं दरवर्षी. दमतात मुलं." त्याही दमलेल्याच दिसत होत्या.

आता जनेल ताटं उचलत होती तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. लोवेलने चष्मा वर करून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"जनेल, ग्रोनवाल्डची एक वेळ सुटली. गुरुवारी, चार चाळीस. मला दिलीय."

"अरे वा!" नळाखाली ताट धरून ती म्हणाली. "बघ. मिळाली की नाही?"

तो उठला आणि पाठीमागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. ती हसली, पण वळली नाही. तेच ताट ती बराच वेळ धूत होती.

गुरुवारपर्यंत लोवेलच्या चौदा मुलाखती झाल्या. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरचे पलंग हलवून खोल्याखोल्यांत दोन-तीन खुर्च्या आणि एक गोल टेबल मांडलं होतं. बाहेर लांबच लांब गालिचा, आणि दोन्ही भिंतींना लागून काळ्या सूटमधली पोरंपोरी मयताला आल्यासारखी उभी. वेळ झाली की दार वाजवायचं. आतली मुलाखत संपलेली नसली तरी वाजवायचं, असा नियमच होता. आत गेलं की हात मिळवायचा. समोरच्याच्या टेबलावर आपले गुण असतात. तो ते बघतो आणि मग फार गोड बोलायला लागतो. त्या गोडपणावरून लोवेलला कळायचं. उरलेली सतरा-अठरा मिनिटं दोघांनी मिळून रेटायची.

"कितवी?" भिंतीला टेकलेल्या क्विन्सीने विचारलं. हा त्याच्या वर्गातला, गुणांनी त्याच्याच आसपासचा.

"पंधरावी. तुझी?"

"मोजायचं सोडलं. सकाळी एकाला सांगितलं, लहानपणापासून तुमच्याच फर्ममध्ये यायचं होतं. आणि नाव घेतलं समोरच्या खोलीवाल्यांचं."

"मग?"

"तो म्हणाला, मलाही तिकडेच जायचं होतं, घेतलं नाही."

लोवेलला हसू आलं, पण ते गालापर्यंत पोचलं नाही. त्याने घड्याळ बघितलं, टाय चाचपला आणि दार वाजवलं.

आत दोघं होते. खिडकीशी मिस केल नावाची तरुण वकीलबाई, आणि टेबलामागे स्वतः अर्लिस ग्रोनवाल्ड. सत्तरीचा माणूस, कोट खुर्चीच्या पाठीला टाकलेला, समोर अर्धवट खाल्लेलं सँडविच. त्याने हातातल्या कागदावरून नजर उचलली, लोवेलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्ही काही जनेल टॉलेफसन दिसत नाही."

"सर, ते बदललंय," मिस केल घाईने म्हणाली. "त्यांनी मंगळवारी नाव काढलं. हे मिस्टर डायक्स्ट्रा. नवा कागद खाली आहे बघा."

"काढलं?" म्हाताऱ्याने कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. "वाईट झालं. असे गुण घेऊन आमच्याकडे कुणी येत नाही हो. खरं सांगायचं तर मी आज थांबलो तो हिच्यासाठीच." मिस केल खाकरली. "हां. माफ करा, मिस्टर डायक्स्ट्रा. दिवस फार लांबला. बसा, बसा."

लोवेल बसला. जनेलने लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, त्यामुळे समोरच्या दोघांना कळायचं काही कारण नव्हतं. त्याला मात्र सगळं आठवत गेलं. मंगळवार, संध्याकाळी धुतलं जाणारं ते ताट, ते 'अरे वा'. उठून जावं असं त्याला वाटलं. पण पाय इतके दमले होते आणि खुर्ची इतकी मऊ होती, की तो बसूनच राहिला.

"तर," म्हातारा म्हणाला, "आमच्याकडेच का?"

याचं उत्तर लोवेलने आरशासमोर पाठ केलेलं होतं. ते त्याला आता आठवेना. त्याने वडिलांची आणि व्हान रूकेलांची गोष्ट सांगितली. चर्चमधली रिकामी रांग, साचलेलं पाणी, पिवळा पडलेला मका. सांगताना तो समोरच्याकडे बघतही नव्हता. कुणावर छाप पाडायची आहे हे तो विसरून गेला होता, आणि आवाज शाळेत शिकवतानासारखा झाला होता.

"बूटवाला म्हणजे पाइक," ग्रोनवाल्ड म्हणाला. "काय केलं त्याने नेमकं? मला त्याने कधी सांगितलं नाही."

"काही नाही, नुसतं चालवलं. दोघं पाय ओढत चिखलातून चाललेत, आणि हा बोलतच नाही. शेवटी व्हान रूकेलच म्हणाले, अरे बाबा, काय ते सांग आणि मला घरी जाऊ दे."

म्हातारा पोट हलवून हसला. मग त्याने सँडविच बाजूला सारलं. "गेल्या वर्षी गेला तो. त्याच्या जागी माणूस शोधतोय मी."

खिडकीखालचं थंड हवेचं यंत्र घरघरत होतं. मिस केलने लोवेलच्या गुणांचा कागद हळूच उलटा करून ठेवला. तो दयेने की आणखी कशाने, ते त्याला कळलं नाही. मग दार वाजलं. पुढचा उमेदवार.

लोवेल उठला, हात मिळवले, दारापर्यंत गेला. तसाच निघून गेला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण एवढं ओझं घेऊन घरी जायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मिस टॉलेफसन," तो म्हणाला. "तुम्ही फोन केलात तर कदाचित येईल ती."

"ओळखता?"

"बायको आहे माझी."

ग्रोनवाल्डने चष्मा काढला. "आणि वेळ सोडली ती तुमच्यासाठी?"

"तसंच दिसतंय. मला आत्ता कळलं, तुमच्याकडून."

दार पुन्हा वाजलं, या वेळी जोरात. म्हाताऱ्याने चष्मा पुन्हा घातला. "जा पोरा," तो म्हणाला. "घरी जाऊन झोप."

जनेल खाली गाडीत बसली होती, इंजिन चालू ठेवून. लोवेलने कोट मागच्या सीटवर फेकला आणि शेजारी बसला.

"कशी झाली?"

"तुझ्या नावाने झाली."

तिने चावी फिरवली. इंजिन बंद झालं, थंड हवा थांबली आणि लगेच काचांमधलं ऊन भाजायला लागलं.

"माझा जुना कागद होता त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"नाही मिळाली म्हणालीस मला. तोंडावर खोटं बोललीस."

"हो."

"आणि वर भीक घातलीस. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर हसून घेतलं असतं मी. आता तो म्हातारा म्हणतो, मी हिच्यासाठी थांबलो होतो, आणि मी तिथे उभा, टाय लावून..."

"भीक नाही ती."

"मग काय? त्याग?"

"नाही रे," जनेल थकलेल्या आवाजात म्हणाली. "त्याग कसला डोंबलाचा. मला जायचंच नव्हतं तिथे. मला डी मॉइनलाच जायचं नाहीये. मिनियापोलिसला जायचंय मला."

त्यागावर रागवायची लोवेलची सगळी तयारी झाली होती. याची नव्हती.

"केव्हापासून?"

"जुलैपासून. बोली लावत होतो ना, तेव्हाच. डी मॉइनच्या सगळ्या वर टाकल्या त्या तुझ्यासाठी. वाटलं, मिळणार नाहीत. तर सगळ्या मिळाल्या. एकेका खोलीत जाऊन सांगतेय, मला इथेच घर करायचंय. गाल दुखायला लागलेत माझे." तिने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. "मी दमलेय, लोवेल. अभ्यासाने नाही. तुला लागू नये म्हणून जपून जपून दमलेय. निकाल लागला तेव्हा दोन दिवस मी माझे गुण सांगितलेच नाहीत तुला. कुणी माझं कौतुक करायला लागलं की मी आधी तू कुठे उभा आहेस ते बघते."

"मी कधी म्हटलं जप म्हणून?"

"तू काही म्हणतच नाहीस. टोमॅटोचे फोटो बघत बसतोस."

काचेपलीकडून क्विन्सी चालला होता, बूट हातात, नुसत्या मोज्यांवर. त्याने यांना बघून हात हलवला. दोघांनीही हलवला.

"मला राग आला होता तुझा," लोवेल म्हणाला. "आजचा नाही. वर्षभराचा. आणि तुझं काही चुकलेलं नाही हे माहीत असल्यामुळे तो कुठे ठेवायचा तेच कळत नव्हतं."

"माहितीये मला."

"कसं?"

"तू माझ्यासाठी कॉफी करायचं सोडलंस."

त्याने खरंच सोडलं होतं. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. मान घामाने ओली होती. ती तशीच पडून राहिली.

"गाडी सुरू कर," तो म्हणाला. "मरू आपण इथे उकडून."

शुक्रवारच्या मुलाखतींतून नाव काढायची मुदत टळून गेली होती, म्हणून लोवेल गेला. एकाने विचारलं, तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता? लोवेल म्हणाला, "तुमच्या हातात आहे तो कागद." तो माणूस मनापासून हसला, हात मिळवला, आणि त्याने कधीही फोन केला नाही. इतर कुणीही केला नाही.

ग्रोनवाल्डने मात्र केला, दोघांनाही. जनेलने त्याला सरळ सांगितलं की मिनियापोलिसला जायचं ठरवलंय. लोवेल सप्टेंबरात डी मॉइनला जाऊन आला. मिस केलने त्याला जेवायला नेलं, ताटाबाहेर येणारं डुकराच्या मांसाचं सँडविच खाऊ घातलं, आणि फर्ममधल्या आणखी पाच जणांची गाठ घालून दिली. ऑक्टोबरात म्हाताऱ्याचा फोन आला.

"मला हवा होतास तू," तो म्हणाला. "पण इथे मी एकटा नाही. बाकीच्यांना कागद दिसतो."

"कळलं, सर. फोन केलात, आभारी आहे."

"थांब, ठेवू नकोस. उत्तरेकडच्या एका काउंटीच्या सरकारी वकिलाला पुढच्या उन्हाळ्यात हाताखाली माणूस हवाय. पाण्याच्या भांडणांचा ढीग साचलाय त्याच्याकडे. पगार बेताचा, ऑफिस तळघरात. सांगू तुझं नाव?"

लोवेलने जनेलकडे बघितलं. ती जमिनीवर पुस्तकं पसरून बसली होती, दातात पेन्सिल. "सांगा," तो म्हणाला. फार आनंद झाला असं नाही. पण त्या दिवशी तो कपड्यांसकट आडवा झाला आणि चांगला दहा तास झोपला.

जे टाळायला दोघांनी एवढा खटाटोप केला, तेच शेवटी झालं. उन्हाळ्यात ती मिनियापोलिसला, आणि तो त्या काउंटीच्या गावात, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत. भांडणारे शेतकरी त्याला आवडले. त्यांना कसं चालवायचं ते त्याला लगेच जमलं असं नाही. पहिलंच प्रकरण त्याच्या हातून चिघळलं आणि वरिष्ठाला निस्तरावं लागलं. जनेलची फर्म तिला सकाळी सातला आत घेई आणि बाहेर कधी सोडेल याचा नेम नसे. फोनवर दोघं काय जेवलो एवढंच सांगत आणि तेवढ्यात एकाला डुलकी लागे.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी लोवेल काम आटोपून तीन तास गाडी हाकत तिच्याकडे गेला. तिकडे त्या दिवसांत संध्याकाळ सरता सरत नाही, तो पोचला तेव्हाही खिडक्यांवर ऊन होतं. किल्ली तिने पायपुसण्याखाली ठेवली होती. आत जनेल सोफ्यावर झोपली होती, ऑफिसच्या कपड्यांत, एक हात जमिनीला टेकलेला, तोंड किंचित उघडं. टेबलावर चिनी हॉटेलातल्या शेवयांचे दोन डबे होते. एक तिने उघडून दोन घास खाल्ले होते, दुसरा बांधलेलाच होता.

त्याने तिला हाक मारली नाही. ओट्याशी उभं राहून डबा सोडला आणि गारच शेवया खाल्ल्या, सगळ्या. मग तिच्या डब्यातल्याही थोड्या खाल्ल्या. भांडं वाजू न देता पाणी प्यायला. सोफा दोघांना पुरण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने बाजूची उशी घेतली आणि खाली गालिच्यावर, तिच्या लोंबत्या हाताशेजारी पाठ टेकली.

"आलास?" डोळे न उघडता जनेल म्हणाली.

"हं. झोप तू."

"शेवया?"

"खाल्ल्या."

"माझ्या?"

"थोड्या."

ती हसल्यासारखं काहीतरी झालं. तिची बोटं त्याच्या केसांत शिरली आणि तिथेच झोपली. रस्त्यावर मुलं अजून चेंडू खेळत होती. लोवेल त्यांचा आवाज ऐकत पडून राहिला, आणि किती वेळ ऐकला ते त्याला सकाळी सांगता आलं नाही.